घरच्या घरीं जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु टाकून नवी घेणें हें आजच्या काळाचें सूत्र होऊन बसलें आहे. परंतु मुंबईच्या चाळींतून व वाड्यांतून राहणाऱ्या मनुष्यास तें सूत्र नेहमींच परवडतें असें नाहीं, आणि परवडलें तरी तें त्याच्या मनास रुचतेंच असेंहि नाहीं. ज्या वस्तूनें घराचें पोट भरलें ती भंगाराच्या तराजूंत घालतांना हात अडखळतो. अशा एका वस्तूची, म्हणजे जुन्या पिकअप मोटारीची, घरच्या घरीं डागडुजी कशी करावी आणि ती आपल्या आवडीप्रमाणें सजवितांना कोणती मर्यादा पाळावी, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

पिकअप म्हणजे पुढें चालकाची खोली आणि मागें माल ठेवण्याचा उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. लालबागच्या एका चाळीच्या आवारांत अशी एक गाडी पुष्कळ वर्षें उभी असे. तिच्यावर मिरचीचीं व मसाल्याचीं पोतीं वाहून एका गृहस्थानें आपला संसार चालविला होता. पुढें त्याच्यानें काम होईना, तेव्हां गाडी मुलाच्या हातीं आली. मुलगा हौशी होता. रुंद टायर, झगझगीत दिवे, तांबडा रंग व सुरेल भोंगा असें सारें चित्र त्यानें मनांत रंगवून ठेविलें होतें. शेजारीं एका कापडगिरणींत फिटर म्हणून जन्म घालविलेले एक वृद्ध गृहस्थ राहत. मुलानें त्यांना विचारलें, “काका, रंग कोणता देऊं? तुम्ही सांगाल तो देतों.” ते म्हणाले, “अरे, आधीं ती थांबते कीं नाहीं तें पाहा. रंगाचें मग बोलूं.”

मुलाला हें बोलणें म्हातारपणाचें वाटलें. दुसऱ्या दिवशीं गाडी आवाराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेतांना त्यानें ब्रेकवर पाय ठेविला, तों पाय थेट तळाला गेला. गाडी चालणाऱ्या मनुष्याच्या गतीनेंच जात होती, म्हणून ती कोपऱ्यांतील रिकाम्या पोत्यांच्या ढिगांत शिरून थांबली. कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्याच जागीं घटकेपूर्वीं चाळींतील मुलें गोट्या खेळत होतीं. हा प्रकार मीं गॅलरींतून पाहिला, आणि त्या मुलाच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग मला अजून आठवतो. त्यानंतर त्या दोघांनीं ज्या क्रमानें काम केलें, तोच क्रम पुढें दिला आहे.

तत्पूर्वीं या शहराचा व अशा गाड्यांचा संबंध किती जुना आहे तें सांगितलें पाहिजे. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें परळला लागून असलेल्या शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. परदेशांतून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग तेथें जोडले जात. हा कारखाना १९५४ पर्यंत चालला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी व ट्रक बाहेर पडूं लागले. आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत महिंद्र कंपनीनें माझगांव येथें जीप गाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्या काळीं, व नंतरहि पुष्कळ वर्षें, ट्रक घेणारा मनुष्य बहुधा इंजिन, चाकें व सांगाडा एवढेंच विकत घेई. हौदा मात्र तो येथल्याच सुतार-लोहारांकडून आपल्या धंद्याच्या सोयीप्रमाणें बांधवून घेई. १८७९ सालापासूनचा परळचा रेल्वे कारखाना आणि आसपासच्या गिरण्या यांत हजारों कुशल हात तयार झाले होते. म्हणून मोटारीला आपल्या गरजेचें रूप देणें ही परदेशी हौस नव्हे. मुंबईच्या कारागिरीची ती जुनी रीत आहे.

आतां कामाकडे वळूं. गाडीच्या भागांचे तीन वर्ग पाडावे. जीव राखणारे भाग पहिल्या वर्गांत येतात: सांगाडा, ब्रेक, सुकाणूची जोडणी, चाकें व दिवे. गाडीला गति देणारे इंजिन, पेट्रोलच्या नळ्या व वीज हे दुसऱ्या वर्गांत येतात. हौदा, आसन व रंग हा तिसरा वर्ग. यांपासून सोय व शोभा प्राप्त होते. हौशी मनुष्य तिसऱ्या वर्गापासून प्रारंभ करतो, कारण तें काम डोळ्यांना दिसतें. शहाणा मनुष्य पहिल्यापासून प्रारंभ करतो.

घरचें काम म्हटलें तरी गिरगांवच्या वाडींत किंवा परळच्या चाळींत स्वतंत्र गॅरेज कोणापाशीं असणार? अंगणाचा एक कोपरा हेंच गॅरेज. तेथें मुलें खेळतात, स्त्रिया पाणी भरतात. म्हणून जागा सपाट व फरसबंद असावी. उचलावयाच्या नाहींत त्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावावे. बॅटरीची तार सोडून ठेवावी. आणि वाळूची एक बादली जवळ असावी. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नसतो. गाडी उचलल्यावर ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी व मगच तिच्याखालीं हात घालावा.

प्रथम सांगाडा पाहावा. कारागीर याला चासी म्हणतात. दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें जोडणारे आडवे दांडे अशी त्याची रचना असते. इंजिन, हौदा, माल व माणसें यांचा सर्व भार यावरच येतो. मुंबईची हवा खारट व दमट, आणि दर पावसाळ्यांत येथें सुमारें दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनहि अधिक पाऊस पडतो. लोखंड, प्राणवायु व ओलावा यांच्या संयोगानें गंज चढतो, आणि मीठ त्या क्रियेला वेग देतें. हा गंज बाहेरून दिसतो त्याहून आंत अधिक असतो. चिखल सांचून राहणाऱ्या सांध्यांत व कमानी जेथें जोडल्या असतात तेथें तो विशेष धरतो. हलक्या हातोडीनें ठोकून पाहावें. निरोगी लोखंड खणखणतें, सडलेलें लोखंड बद्द वाजतें. टोंच्यानें दाबतां पत्रा आंत गेला, तर तें काम घरीं करण्याचें नव्हे असें समजावें. सांगाडा कापणें, लांबविणें किंवा स्वतःच डाग देऊन जोडणें हें कधींहि करूं नये. पाणी वाहून जाण्यासाठीं कारखान्यानें ठेवलेलीं छिद्रें मात्र काडीनें मोकळीं करावीं. एवढ्या लहानशा कामानेंहि सांगाड्याचें आयुष्य वाढतें.

यानंतर ब्रेक. शाळेंत शिकलेला पास्कलचा नियम येथें प्रत्यक्ष उभा राहतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो. समजा, पायानें २० किलोचा जोर दिला, आणि पेडलच्या तरफेमुळें तो पांचपट, म्हणजे १०० किलो झाला. मुख्य नळकांड्यांतील दट्ट्याचें क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब येतो. तोच दाब चारी चाकांपाशीं जातो व ब्रेकचे पट्टे फिरत्या डब्याच्या आंतील बाजूवर दाबले जातात. जुन्या गाड्यांत बहुधा चारी चाकांस मिळून तेलाची एकच वाट असते. ती एका जागीं फुटली कीं तेल बाहेर पडतें, दाब तयार होत नाहीं, आणि चारी ब्रेक एकदम निकामी होतात. त्या मुलाच्या गाडीचें असेंच झालें होतें. मागल्या चाकाजवळील एक रबरी नळी जुनी होऊन तडकली होती. दिसावयास अगदीं क्षुल्लक, परंतु सर्व गाडीचा भरंवसा तिच्यावर होता.

म्हणून जुन्या रबरी नळ्या व वाट्या विचार न करतां बदलाव्या. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला कीं तें कमी उष्णतेवर उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, व बुडबुडे दाबले जात असल्यानें पेडल पोकळ लागतें. यास्तव सुमारें दोन वर्षांनीं सर्व तेल काढून सीलबंद डब्यांतील नवें भरावें, आणि नळ्यांतील हवा पूर्णपणें बाहेर काढावी. एक गोष्ट आरोग्याची आहे. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्यें पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस फार घातक आहे. ती फुंकून किंवा कोरड्या ब्रशानें झाडून कधींहि उडवूं नये; ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें पिशवींत बंद करावें.

ब्रेकांची एवढी महति कां, तें एका हिशेबानें कळेल. गतीमुळें गाडींत आलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून ८ मीटरांत थांबत असेल, तर तीच गाडी ताशीं ६० च्या वेगानें ३२ मीटर घेईल. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो, आणि तेवढ्यांत ३० च्या वेगानेंहि गाडी ८ मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते. लालबागहून परळवरून दादरकडे जाणाऱ्या आंबेडकर मार्गावर संध्याकाळीं आठ मीटरांत किती माणसें असतात, याची कल्पना वाचकांनींच करावी. जुन्या गाडींत जोरदार इंजिन बसवून ब्रेक मात्र जुनेच ठेवणारा मनुष्य आपल्याबरोबर या सर्वांचा जीव पणास लावतो.

इंजिन व पेट्रोल यांविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल मिळूं लागलें. त्यापूर्वींच्या इंधनांतील शिशाचा थर इंजिनाच्या झडपांच्या बैठकींना झिजण्यापासून राखीत असे. म्हणून फार जुनें इंजिन उघडण्याचा प्रसंग आलाच, तर कणखर धातूच्या बैठकी बसवून घ्याव्या. दुसरें असें कीं, आतां पेट्रोलांत सुमारें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें व चिरतें, आणि गाडी फार दिवस उभी राहिल्यास तें पाणी ओढून टांकी गंजवितें. नळ्या या इंधनास टिकणाऱ्या जातीच्याच घ्याव्या. पेट्रोलचें काम कधींहि दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ करूं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

दिव्यांची हौस अनेकांस असते. जुन्या काळच्या पुष्कळ गाड्यांत विजेची मांडणी सहा व्होल्टची असे. ४८ वॉटच्या दिव्याला सहा व्होल्टवर ८ अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर ४ अँपिअर पुरतो. तारेंत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती चौथ्या हिश्शावर येते. म्हणून बारा व्होल्टची मांडणी हा खरोखर उपयुक्त बदल होय. मात्र त्यासाठीं केवळ बॅटरी बदलून भागत नाहीं. दिवे, कॉइल व वीज उत्पन्न करणारें यंत्र हीं सर्व त्याच जोडीचीं हवींत, आणि प्रत्येक वाटेंत योग्य फ्यूज हवा. जुन्या बारीक तारेवर चार जादा दिवे टांगणें म्हणजे लांकडी हौद्याखालीं निखारा ठेवण्यासारखेंच आहे.

टायरांविषयींहि असेंच. मोठा टायर ऐटदार दिसतो, परंतु त्याचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला तर वेगदर्शक कांटा ४० दाखवीत असतां गाडी खरोखर ४४ नें धांवते. ब्रेकांवरील ताण वाढतो, वळतांना टायर पत्र्याला घासतो व सुकाणू जड होतें. कारखान्यानें ठरविलेल्या मापाचाच नवा टायर घ्यावा. नक्षी शिल्लक असली तरी वर्षानुवर्षें उन्हांत तापून भेगाळलेला टायर टाकून द्यावा.

एवढें झाल्यावर हौशीची पाळी येते, आणि तिला हौदा हें उत्तम क्षेत्र आहे. सडलेल्या फळ्या काढून सागवानी फळ्या बसवाव्या. दोन फळ्यांमध्यें पाणी झिरपण्यापुरती फट ठेवावी. फळीच्या खालच्या बाजूस व कापलेल्या टोंकांसहि जवसाचें तेल पाजावें, कारण लांकूड टोंकांकडून अधिक पाणी पितें. वरून लोखंडी पट्ट्या व रुंद वायसर घालून बोल्ट आवळावे. आसनाला नवें कापड घालावें, हौद्याला ताडपत्री बांधण्यासाठीं कड्या लावाव्या, हत्यारांची एक पेटी बसवावी. जुने दिवे, मुठी व कड्या चोरबाजारांत हिंडल्यास सांपडतात. गिरगांवाजवळ ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारीच्या सामानाचीं दुकानें पूर्वींपासून आहेत. रंगापूर्वीं गंज मुळापासून खरवडून अस्तराचा हात द्यावा. गंजावर लांबी भरून वर तकतकीत रंग देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधण्यासारखें होय.

यापुढें प्रश्न येतो तो कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलापासून निराळा होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच स्पष्ट केलें. इंजिन बदलणें असो वा रंग, आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें. दक्षिण मुंबईसाठीं तें ताडदेवला आहे. अनेक सुरांचे भोंगे नियमानें वर्ज्य आहेत. पुढें लोखंडी दांड्यांची चौकट लावण्यासहि २०१७ पासून मनाई आहे, कारण ती पादचाऱ्याला अधिक दुखापत करते. ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं परिचित अक्षरेंहि महाराष्ट्रानें २०१५ सालीं मालगाड्यांवरून उतरविलीं. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व प्रवासी चारचाकी गाड्यांची निराळी नोंदणी सुरू केली. त्यांतहि अट अशी कीं, गाडीच्या मूळ रूपांत मोठा फेरबदल झालेला नसावा. मालगाडीला हा नियम लागू नसला तरी त्याच्या मुळाशीं असलेला विचार घेण्यासारखा आहे: जुन्या गाडीचें मोल तिच्या मूळ रूपांत आहे.

मग आवडीला वाव कोठें उरला? याचें उत्तर लालबाग-परळच्या रस्त्यांवर दर वर्षीं दिसतें. गणेशोत्सवांत साधे ट्रक मंडळांच्या कारागिरांच्या हातीं जातात आणि अनंत चतुर्दशीस त्यांचे रथ, मंदिरें व महाल झालेले असतात. चार दिवसांनीं तेच ट्रक पुन्हां माल वाहूं लागतात. सांगाड्याला धक्का नाहीं, ब्रेकला हात नाहीं. दोऱ्या सुटल्या कीं गाडी पूर्ववत्. सजावटीचा हाच खरा दंडक होय. जें बोल्ट सोडून पुन्हां काढतां येईल तें हौसेनें करावें; जें कापल्यावाचून होत नाहीं तें करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

त्या मुलाची गाडी तयार होण्यास दोन पावसाळे लागले. रुंद टायर आले नाहींत, सुरेल भोंगाहि आला नाहीं. रंग मात्र त्यानें तांबडाच दिला. मागचा फाळका पोत्यांच्या घर्षणानें झिजला होता व त्याला ठिकठिकाणीं पोंचे पडले होते. तो नवा करण्यास मुलगा निघाला, तेव्हां काकांनीं विचारलें, “हा सडला आहे का?” मुलगा म्हणाला, “नाहीं, काका.” “मग राहूं दे. ती तुझ्या बापाची सही आहे.” तयार गाडी आवारांत आली त्या दिवशीं वडील काठी टेकीत खालीं उतरले. नव्या रंगाकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं. मागें जाऊन त्यांनीं फाळक्यावरून हात फिरविला आणि मग मुलाला म्हणाले, “चल, भायखळ्यापर्यंत जाऊन येऊं.”

गाडी फाटकापाशीं आली. समोरून एक लहान मूल चेंडूमागें धांवत गेलें. मुलानें पाय दाबला आणि गाडी जागच्या जागीं थांबली. वडिलांच्या तें लक्षांतहि आलें नाहीं. ते फळीबद्दल कांहीं सांगत होते. गॅलरींत उभ्या असलेल्या काकांच्या मात्र तें लक्षांत आलें.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकीं पुष्कळांस पुढें यंत्रांशीं काम पडेल. कोणी नवीं यंत्रें घडवील, कोणी जुनीं राखील. दोघांनींहि एवढें लक्षांत ठेवावें कीं, यंत्रांतील सर्वांत महत्त्वाचें काम बहुधा झांकलेल्या जागीं असतें, आणि तें नीट झालें असतां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्याची वाहवा होत नाहीं. केवळ एक मूल आपला चेंडू घेऊन सुखरूप घरीं जातें.